हौशी नाटकांसाठी घरी घडवलेल्या धातूच्या वस्तूंवर खूण कशी कोरावी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या हौशी नाट्यसंस्थेसाठी मी गेली अनेक वर्षं धातूची प्रॉपर्टी घरी घडवतो. मुकुट, गदा, ढाली, कट्यारी, राजदंड, दिवट्या, दरबारातली तबकं असं जे लागेल ते. घडवण्यापेक्षा जास्त प्रश्न लोक मला त्यावरच्या कोरीव खुणेबद्दल विचारतात. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न आणि माझी उत्तरं इथे एकत्र देतो आहे.

नाव कोरायचं कशाला? ऑइलपेंटने लिहिलं तर चालत नाही का?

वर्षभर चालतं. मग कोणीतरी स्पर्धेच्या आदल्या रात्री चिंच-मीठ किंवा पितांबरी घेऊन वस्तू घासून काढतं आणि नाव जातं. आपल्या घरातल्या भांड्यांकडे बघा. लग्नात आलेल्या तांब्यावरचं ‘यांजकडून सप्रेम भेट’ चाळीस वर्षांच्या घासण्यानंतरही वाचता येतं, कारण ते ठोकून घातलेलं असतं. पंक्तीला शेजारपाजारची भांडी गोळा व्हायची आणि नावावरून ती बिनचूक आपापल्या घरी परत जायची. नाटकाच्या प्रॉपर्टीलाही हेच लागू आहे.

एका स्पर्धा केंद्रावर आमची गदा दुसऱ्या संघाच्या टेम्पोत गेली होती. दोन्ही गदा पितळी पत्र्याच्या, गोल, जवळपास सारख्या आकाराच्या. त्यांनी मुद्दाम नेली नव्हती. आमच्याकडे ती आमची आहे असं दाखवायला काहीच नव्हतं, त्यामुळे मागताना मलाच संकोच वाटला. त्यानंतर खूण नसलेली एकही वस्तू मी घराबाहेर जाऊ दिलेली नाही.

खुणेत नेमकं काय लिहावं?

चार गोष्टी: संस्थेचं किंवा घडवणाऱ्याचं लघुनाव, गाव, वस्तूचा क्रमांक आणि घडवल्याचं वर्ष. फोन नंबर घालू नका. नंबर बदलतात, आणि वस्तू हातोहात फिरत असेल तर तो अनोळखी लोकांकडेही जातो. गाव मात्र बदलत नाही. क्रमांक वहीतल्या नोंदीशी जुळला पाहिजे, नाहीतर त्याचा काही उपयोग नाही.

जागा असेल तर पाचवी गोष्टही घाला: ‘प्रतिकृती’ हा शब्द. जागा नसेल तर नुसतं ‘प्र.’

‘प्रतिकृती’ लिहिल्याने वस्तूचा रुबाब जात नाही का?

या प्रश्नावर मी सगळ्यात जास्त बोलतो, कारण माझ्या मते खूण कोरण्याचं खरं कारण हेच आहे.

चांगली घडवलेली, थोडी काळवंडलेली कट्यार वीस वर्षांनी माळ्यावरून खाली येते तेव्हा ती कोणी, कशासाठी केली हे कोणालाच आठवत नसतं. संस्था बंद पडलेली असते. मग ती भंगारात जाते, तिथून जुन्या बाजारात, आणि तिथे कोणीतरी तिला ‘शिवकालीन’ म्हणतं. एका हौशी माणसाच्या प्रामाणिक कामातून नकळत एक बनावट ऐतिहासिक वस्तू तयार होते. खोट्या खुणांचा इतिहास जुना आहे. युरोपात पासाऊ शहराच्या पात्यांवर धावत्या लांडग्याची खूण असायची. त्या पात्यांचं नाव झालं तसे सोलिंगेनचे कारागीरही आपल्या पात्यांवर तोच लांडगा कोरू लागले. आपल्याकडेही फिरंगी पात्यांना मान होता आणि त्यांच्यासारख्या खुणा स्थानिक पात्यांवर उमटल्या. आज ती पाती हातात घेणाऱ्या अभ्यासकाला नुसत्या खुणेवर विश्वास ठेवता येत नाही.

आपण तरी पुढच्या माणसाला खरं सांगून जावं. म्हणून वर्षही चालू इसवी सनात कोरा. शिवशक, हिजरी सन किंवा जुन्या मोडीतला मजकूर ‘छान दिसतो’ म्हणून कोरायचा असेल तर जरूर कोरा, पण त्याच वस्तूवर कुठेतरी आजचं वर्ष आणि ‘प्रतिकृती’ असलंच पाहिजे. प्रेक्षकाला ते पहिल्या रांगेतूनही दिसत नाही.

खूण कुठे कोरावी?

जिथे प्रेक्षकाची नजर जात नाही, हात फार घासला जात नाही आणि जोर येत नाही, तिथे. मुकुटाच्या आतल्या पट्टीवर, तबकाच्या तळाला, ढालीच्या आतून कड्याशेजारी, गदेच्या दांड्याच्या खालच्या टोकावर.

तलवार आणि कट्यारीबाबत एक नियम पक्का ठेवा: पात्यावर, आणि विशेषतः पातं मुठीत शिरतं त्या जागेवर, कधीही खोल ठसा मारू नका. रंगमंचावरच्या चकमकीत सगळा ताण तिथेच येतो. खोल अक्षराचा टोकदार कोपरा म्हणजे तडा सुरू व्हायला तयार जागा, आणि पातं तुटून प्रेक्षकांत गेलं तर काय होईल हे सांगायला नको. खूण परजेच्या, म्हणजे मुठीवर हाताला आडोसा देणाऱ्या भागाच्या, आतल्या बाजूला घाला. मूठ लाखेने किंवा एपॉक्सीने बसवलेली असेल तर ठोकण्याचं काम मूठ बसवण्याआधीच उरका. नंतर हातोडीचे दणके बसले की आतला जोड ढिला होतो.

देवदेवतांच्या मुकुटावर किंवा आयुधावर माणसाचं नाव कोरणं काहींना रुचत नाही. त्यांच्या भावनेचा मान ठेवा आणि फक्त क्रमांक व वर्ष घाला. ओळख पटायला तेवढं पुरतं.

कोणतं साधन घ्यावं?

घरी करण्यासारखे चार मार्ग आहेत. मी तिघांना तरी ‘आधी ठसे घ्या’ असं सांगितलं असेल, पण प्रत्येक वस्तूला ते चालत नाहीत.

*अक्षरांचे ठसे, म्हणजे पंच.* हार्डवेअरच्या दुकानात रोमन अक्षरांचे आणि अंकांचे संच मिळतात. तीन किंवा चार मिलिमीटरचा संच आपल्या कामाला बरोबर बसतो. वस्तूखाली ऐरण किंवा लोखंडाचा जाड ठोकळा हवा, लाकडावर ठोकलं तर ठसा दबत नाही, पत्राच वाकतो. अक्षर एकाच दमदार ठोक्यात उमटलं पाहिजे. दुसऱ्या ठोक्याला ठसा किंचित सरकतो आणि अक्षर दुहेरी दिसतं. ओळ सरळ यावी म्हणून खाली चिकटपट्टीचा जाड थर लावा आणि ठशाचं बूड त्याला टेकवा. सहा आणि नऊ रोमन संचात एकाच ठशाने होतात, म्हणून आकड्याखाली एक टिंब द्या.

ठशाचा मोठा गुण असा की तो धातू खरवडत नाही, दाबतो. अक्षराखालचा धातूही दबून घट्ट होतो. म्हणूनच वरून कानस मारून ठसा दिसेनासा केला तरी योग्य आम्ल लावून खालची अक्षरं पुन्हा दाखवता येतात. न्यायवैद्यक प्रयोगशाळा खोडलेले क्रमांक अशाच पद्धतीने वाचतात. चोरीच्या भीतीने खूण करणार असाल तर ठसाच करा.

*सेंटर पंच किंवा टोकदार छिन्नी.* भांड्यांच्या दुकानात टिंबाटिंबाने नाव घालतात ती पद्धत. हात बसायला वेळ लागतो, पण देवनागरीसाठी याच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही. दीडशे-दोनशे ग्रॅमची हलकी हातोडी घ्या.

*विजेचं कोरणारं पेन.* यात कार्बाइडचं टोक वर-खाली आपटत असतं. आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या विजेवर चालणारी साधी पेनं मिनिटाला साधारण ६,००० ठोके देतात. पेनासारखं लिहिता येतं, म्हणून सगळ्यांना हेच आवडतं. पण अक्षर उथळ येतं. एकाच रेषेवरून तीन-चार वेळा फिरवा आणि पेन दाबू नका, त्याच्या ठोक्यांना काम करू द्या.

*फिरत्या टोकाचं यंत्र,* म्हणजे डायमंड टोक लावलेलं छोटं रोटरी टूल. स्टीलवर उत्तम चालतं. नवशिक्याच्या हातात मात्र ते वळणावर घसरतं आणि चकचकीत भागावर लांबलचक ओरखडा ओढून जातं. आजूबाजूचा भाग जाड टेपने झाकल्याशिवाय हात लावू नका.

देवनागरी अक्षरं नीट येत नाहीत. काय करू?

देवनागरीचा त्रास वळणांत आणि शिरोरेषेत असतो. बहुतेक जण वहीत लिहितो तसं अक्षर पूर्ण करून लगेच वर रेघ मारतात. धातूवर उलट करा: आधी सगळ्या अक्षरांची अंगं टिंबाटिंबाने उमटवा, अंतर नीट पडलं का बघा, आणि शिरोरेषा शेवटी एकदम ओढा. पट्टी धरून एक बारीक रेघ आधी आखून घेतली तर अक्षरं तिला लटकत राहतात. शिरोरेषा अखंड नसली तरी चालते, पातळ पत्र्यावर अखंड खोल रेघेने पत्रा तिथेच दुमडतो.

जोडाक्षरं टाळा. ‘श्री’ सुंदर दिसतं, पण पाच मिलिमीटरच्या उंचीत त्याचा गोळा होतो. संस्थेचं लघुनाव सुट्या अक्षरांचं ठरवा. अंकांत १ आणि ९ यांचा घोटाळा होतो, त्यामुळे नऊची गाठ मोठी काढा.

स्टेन्सिल कापणार असाल तर ‘व’, ‘ब’, ‘म’, ‘भ’ यांच्या आतले बंद भाग गळून पडतात. त्यांना एका बाजूने बारीक पूल ठेवावा लागतो.

मुकुटाचा पत्रा फार पातळ आहे. ठसा मारला की दुसऱ्या बाजूला फुगवटा येतो.

येणारच. २४ गेजचा पत्रा म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जाड. त्यावर ठसा मारू नका. १८ गेजच्या पितळी पट्टीचा, म्हणजे साधारण सव्वा मिलिमीटर जाडीचा, बोटाच्या पेराएवढा तुकडा घ्या, ऐरणीवर ठेवून त्यावर आरामात ठसे मारा, कडा कानशीने गोल करा आणि तो बिल्ला दोन रिव्हेटने मुकुटाच्या आत बसवा. डाग देऊनही बसवता येतो, पण रिव्हेट काढायला वेळ लागतो आणि काढल्याची खूण उरते, म्हणून मला तेच बरं वाटतं.

पत्र्यावरच कोरायचं असेल तर मागून राळेचा आधार द्या. तांबट लोक नक्षीकामाला राळ, विटेची भुकटी आणि थोडं तेल यांचं मिश्रण वापरतात. ते पत्र्याला धरून ठेवतं आणि ठोक्याखाली हवं तेवढंच दबतं. पुण्याच्या तांबट आळीतलं मठारकाम ज्यांनी जवळून पाहिलं असेल त्यांना हातोडीखालचा आधार किती महत्त्वाचा असतो हे वेगळं सांगायला नको.

कोणत्या धातूवर काय चालतं?

पितळ आणि तांबं सगळ्यांत सोपं. अॅल्युमिनियमही मऊ, पण ते टोकाला चिकटतं, म्हणून रॉकेलचा एखादा थेंब लावत जा. जर्मन सिल्व्हरमध्ये नावापुरतीही चांदी नसते, तांबं, निकेल आणि जस्त असतं, ते पितळेपेक्षा थोडं चिवट लागतं. स्टेनलेस स्टील काम करता करता आणखी कडक होतं. उथळ खरवडत बसलात तर टोक बोथट होईल आणि अक्षर उठणार नाही. पहिल्याच फेरीत ठाम लिहा.

आम्लाने किंवा विजेने अक्षरं खाऊन काढता येतात म्हणे. घरी करावं का?

पितळ-तांब्यावर करता येतं, आणि बारीक बोधचिन्हासाठी ते फार देखणं होतं. लेझर प्रिंटरवर उलटं छापलेलं चित्र इस्त्रीने पत्र्यावर उतरवतात. त्याची शाई प्लास्टिकची असल्याने ती धातूला चिकटून त्याचं रक्षण करते. इंकजेटची छपाई चालत नाही. उरलेला सगळा भाग, पाठ आणि कडा नेलपॉलिशने झाका. मग पत्रा फेरिक क्लोराइडच्या द्रावणात तोंड खाली करून ठेवा, म्हणजे सुटलेला गाळ खाली पडतो. हे रसायन सर्किट बोर्डच्या कामासाठी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत मिळतं. नेहमी पाण्यात ते घाला, त्यावर पाणी ओतू नका, कारण विरघळताना बरीच उष्णता निघते. अॅल्युमिनियमला हे द्रावण अजिबात दाखवू नका, ते जोरात उसळतं. स्टीलच्या बेसिनमध्येही काम करू नका. कपड्यावरचा पिवळा डाग निघत नाही.

वापरलेलं द्रावण मोरीत ओतू नका. त्यात विरघळलेलं तांबं असतं आणि ते पाण्यातल्या जीवांना घातक आहे. धुण्याचा सोडा थोडा थोडा घालत राहा, फेस थांबला की गाळ बसू द्या आणि तो वाळवून घट्ट बंद करून घातक कचऱ्यात द्या.

लोखंडावर ९ व्होल्टची बॅटरी, मिठाचं पाणी आणि कापसाची काडी पुरते. वस्तूला धन टोक, काडीला ऋण टोक, वर स्टेन्सिल आणि दहा-दहा सेकंदांचे स्पर्श. खिडक्या उघड्या ठेवा, कारण मिठाच्या पाण्यातून क्लोरीन सुटू शकतो. झाल्यावर खायच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन तेलाचा हात फिरवा. स्टेनलेस स्टील मात्र या पाण्यात बुडवून ठेवू नका, त्यातलं क्रोमियम विषारी रूपात पाण्यात उतरू शकतं. आणि भिंतीतल्या प्लगची वीज थेट यात कधीही आणू नका.

बाहेरून लेसरने करून घेतलं तर?

उत्तम. फायबर लेसरवाल्याकडे द्या. घरच्या छोट्या डायोड लेसरने उघड्या पितळेवर काही उमटत नाही.

मुलामा आधी की खूण आधी?

खूण आधी. मुलाम्यानंतर कोरलं तर आतला धातू उघडा पडतो, आणि तो लोखंड असेल तर अक्षरांतूनच गंज सुरू होतो. पितळेवर अशा जागी हिरवा कळंक चढतो. पॉलिशचं काम असेल तर आधी खूण, मग पॉलिश. पॉलिशने अक्षरांच्या उठलेल्या कडा बसतात आणि हाताला लागत नाहीत.

अक्षरं ठळक कशी दिसतील?

काळा एनॅमल रंग खाचेत भरा, पाच मिनिटांनी सपाट पुठ्ठ्यावर गुंडाळलेल्या फडक्याने वरचा पुसा. मऊ फडकं खाचेत शिरून रंग उचलतं, म्हणून पुठ्ठा हवा.

अक्षर चुकलं. पुसता येईल का?

पेनाने लिहिलेलं असेल तर पॉलिश पेपरने जाऊ शकतं. ठसा जात नाही. उलट्या बाजूने ठोकून पातळ करण्याच्या नादात वस्तू बिघडते. चुकलेल्या अक्षराभोवती एक छोटी चौकट काढा आणि शेजारी बरोबर अक्षर घाला. चुका टाळायच्या तर भंगारवाल्याकडून किलोच्या भावाने जुनी झाकणं आणा आणि हात बसेपर्यंत त्यांवर नाव घालत राहा. मी पहिला खरा मुकुट कोरण्याआधी स्टीलची सात झाकणं भरवली होती.

जुन्या वस्तूवर दुसऱ्याचं नाव आहे. ते खोडून आपलं घालू का?

नाही. आपलं नाव त्याच्या खाली घाला. कोणाच्या हातून कोणाकडे आली हे त्या वस्तूवरच वाचता येणं ही तिची श्रीमंती आहे. आणि वस्तू खरोखर जुनी वाटत असेल, घराण्यातली पंचपाळं, समई, शस्त्र असं काही, तर तिच्यावर काहीच कोरू नका. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना १९७२ चा पुरावशेषांचा कायदा लागू होतो. अशी वस्तू रंगमंचावर नेण्यापेक्षा तिची प्रतिकृती घडवा.

तलवार-कट्यारीवर खूण असली की परवाना लागत नाही, हे खरं का?

खोटं. खूण परवान्याची जागा घेत नाही. शस्त्र कायदा १९५९ चा आहे, आणि त्याखालच्या नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची, घरगुती वा शेतीकामाची नसलेली धारदार शस्त्रं वेगळ्या वर्गात येतात. म्हणून मी नाटकासाठी अॅल्युमिनियमचं, गोल कडेचं, बोथट टोकाचं पातं करतो आणि कड दोन मिलिमीटरपेक्षा पातळ ठेवत नाही. तरीही रस्त्यावरून नेताना ती लांबून खरी दिसते. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली सणासुदीला शस्त्रं बाळगायला मनाई करणारे आदेश निघतात. त्यामुळे प्रॉपर्टी बंद पेटीत न्या, सोबत संस्थेचं पत्र आणि खुणांच्या क्रमांकांची यादी ठेवा, आणि शंका असेल तर आधी पोलीस ठाण्यात विचारा. यादीतला क्रमांक आणि परजेवरचा क्रमांक जुळला की बोलणं सोपं होतं.

नकली पिस्तुलावर खऱ्यासारखा क्रमांक कोरला तर दृश्यात छान दिसेल ना?

कृपा करून नको. खऱ्या कंपनीचं नाव किंवा अनुक्रमांक कशावरही कोरू नका. त्यावर ठळक ‘नाटकाची वस्तू’ असंच लिहा.

रंगमंचावरच्या दागिन्यांवर ९१६ चा शिक्का मारू का?

मुळीच नाही. हॉलमार्क हे भारतीय मानक ब्युरोचं चिन्ह आहे, आणि १ एप्रिल २०२३ पासून सोन्याच्या दागिन्यांवर सहा अक्षर-अंकांची एचयूआयडी खूण सक्तीची आहे. पितळी साज कोणाच्या तरी कपाटात जाईल, आणि त्याच्यावरचा खोटा शिक्का बघून एखादी बाई अडचणीच्या वेळी तो घेऊन सराफाकडे जाईल. तिच्यावर ही वेळ आपल्यामुळे येऊ नये. आतल्या बाजूला ‘पितळ’ कोरा.

फ्लॅटमध्ये ठोकण्याचा आवाज होतो.

ऐरणीखाली वाळूची पिशवी आणि रबरी मॅट ठेवा. आवाज निम्म्याहून कमी वाटतो. दुपारी एक ते चार काम करू नका.

काय जपावं?

डोळ्यांवर चष्मा, तोही बाजूने बंद असलेला. ठशाच्या डोक्याची कड फुटून उडालेली मी पाहिली आहे. रोटरी टूल वापरताना मास्क, आणि लांब बाह्या, ओढणी, सैल केस काही नको. सहज कापलं जाणाऱ्या पितळेत थोडं शिसं असतं, म्हणून काम झाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय चहाचा कप उचलू नका, आणि कीस घरभर झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने टिपा. मुलांना ठसे मारायला फार आवडतात. चष्मा लावून, तुमच्या शेजारी बसून, जरूर मारू द्या.

वहीत काय नोंदवावं?

क्रमांक, वस्तू, धातू, घडवणाऱ्याचं नाव, वर्ष, खूण कुठे आहे आणि खुणेचा एक फोटो. पुढे एक रकाना उसनवारीचा: कोणाला दिली, कधी परत आली. आमची वही खंडेनवमीला हत्यारांबरोबर पूजेत ठेवतो आणि त्याच दिवशी एकेक वस्तू हातात घेऊन खूण वाचत यादी तपासतो. गेल्या वेळी तेवीस क्रमांकाची दिवटी सापडत नव्हती. शेजारच्या गावातल्या संघाने तळाचं नाव वाचून ती दुसऱ्याच आठवड्यात आणून दिली.